सासऱ्यांची कॉफी

माझ्या सासूबाई, फुसाए कानाशिरो, जन्मल्या ब्राझीलमधल्या जुकिया गावी, केळीच्या मळ्यात. जपान त्यांनी पाहिलेलाही नाही. साओ पावलोच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी लाटलेल्या पारीत सारण भरून पास्तेल तळले आणि रांग मोडणाऱ्यांना अशा अस्सल पोर्तुगीज शिव्या दिल्या की माझे इटालियन वडीलसुद्धा कानांवर हात ठेवत. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी माझा वंश विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "हिला लाटता येतं का?"

रोज सकाळी कॉफीचा पहिला कप पितरांच्या देव्हाऱ्यात, सासऱ्यांच्या फोटोपुढं. काळी कॉफी, चार चमचे साखर. हयातीत त्यांना मधुमेहामुळं एकच चमचा मिळायचा. "आता कसली पथ्यं," सासूबाई म्हणतात.

माझी लेक काओरी नटी आहे. सहा वर्षं तिनं दारं झिजवली. जाहिरातवाले म्हणायचे, फार जपानी दिसतेस. जपानी भूमिका निघाली की म्हणायचे, पुरेशी जपानी दिसत नाहीस. शेवटी एका मालिकेत जपानी कुटुंबातल्या नातीचं काम मिळालं, तेव्हा आम्ही गल्लीभर पास्तेल वाटले. तिथल्या देव्हाऱ्यासाठी खराखुरा जुना फोटो हवा होता.

"तीनच दिवस, बाचान," काओरीनं आजीला गळ घातली.

"ने. हे मालिका लागली की जेवण विसरायचे. आता आतच जाऊन बसू देत."

तीनाचे अकरा दिवस झाले. सासूबाई रिकाम्या जागेपुढं कप ठेवत राहिल्या. मग पहिला भाग लागला. टीव्हीतली आजी घरात किमोनो नेसून वाक्यागणिक वाकत होती. "मी नाही समजत. मुलगी नाही लग्न परक्याशी," असलं काहीतरी मोडक्या पोर्तुगीजमध्ये बोलत होती. आणि माझ्या सासऱ्यांपुढं तिनं ठेवला हिरवा चहा!

सासूबाई ताडकन उठल्या. "हे पाल्याचं पाणी? ह्यांना? उभ्या जन्मात शिवले नाहीत! अकरा दिवस माझा माणूस कॉफीवाचून ठेवलात?"

"बाचान, लेखक म्हणतो, कॉफी जपानी वाटत नाही."

"हे काय त्याचे आजोबा होते?"

"निदान आपण टीव्हीवर दिसतोय तरी! आधी तेही नव्हतं," काओरी रडकुंडीला आली.

पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि मला चीड आली ती त्याचीच. दिसायचं तर त्यांनी ठरवलेल्या सोंगात!

दुसऱ्या दिवशी सासूबाई थर्मास घेऊन स्टुडिओत गेल्या. त्यांना आवरायला म्हणून मीही गेले. त्यांनी चहा बाजूला सारला आणि फोटोपुढं कॉफी ओतली. दिग्दर्शक खूश झाला.

"वा आजी! हेच घेऊ या. फक्त जरा मोडकंतोडकं बोलाल का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी ह्याच भाषेत भांडतेय." त्यांनी फोटो पदरात घ्यावा तसा अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळला आणि चालू लागल्या. काओरी रंगवलेल्या तोंडानं खाली मान घालून उभी राहिली. पुढं पंधरा दिवस आजी-नातीत बोलणं बंद.

पंधरवड्यानं लागलेला भाग आम्ही तिघींनी पाहिला. देव्हाऱ्यात भलत्याच माणसाचा फोटो होता. पुढं तोच हिरवा चहा.

"हा कोण?" सासूबाईंनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा नातीला विचारलं.

"माहीत नाही. जुन्या बाजारातून आणला, म्हणे."

"नावसुद्धा विचारलं नाहीत?"



सकाळी पाहते तर देव्हाऱ्यात दोन कप. काओरी शूटिंगला निघून गेली होती. "दुसरा कुणी ठेवला?" मी विचारलं.

"तुझ्या लेकीनं. फोटोतल्या त्या बिचाऱ्यासाठी." सासूबाईंनी तो कप उचलून बोट बुडवून चाखला आणि कडाडल्या, "बिनसाखरेची! पाहुण्याला अशी देतात होय?"

मग त्यांनी साखरेचा डबा पुढं ओढला आणि मोजून चार चमचे घातले.