चाळीस रात्रींचा पंधरवडा

लाखनीच्या थांब्यावर नागपूरची बस लागली तेव्हा बाबांनी माझी पिशवी आत टाकली आणि म्हणाले, "पंधरवड्यानं येऊन जाजो वं बाई." मी "हो" म्हटलं. त्यांच्या हाताला तलावातल्या जाळ्याचा वास होता. तो हैदराबादपर्यंत पिशवीच्या पट्ट्याला राहिला.

इथं मी एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. जन्मभर त्यांनी इंग्रजी शिकवलं, सगळे त्यांना टीचरअम्मा म्हणतात. माझी शाळा सातवीतच सुटली. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली होती. कागदावर लिहिलं होतं, रक्ततपासणी 'फोर्टनाईट'नं. मी अक्षरं जुळवली. फोर्टी म्हणजे चाळीस, नाईट म्हणजे रात. विचारायची लाज वाटली. कॅलेंडरवर चाळीस मोजून लाल गोल केला आणि स्वतःवरच खूश झाले.

बाविसाव्या सकाळी दात घासताना अम्मांच्या हिरड्यांतून रक्त आलं, थांबेचना. बेसिन लाल. मी कागद घेऊन धावले. त्यांनी कागद पाहिला, मग कॅलेंडर. "फोर्टी नहीं, पगली. चौदह रातें. पंद्रह दिन."

पंधरवडा! हा शब्द तर मी घरूनच घेऊन आले होते.

ऑटोत त्यांच्या तोंडाशी रुमाल धरून बसले. तो भिजला, दुसरा धरला. तपासणीत रक्त फारच पातळ निघालं. डॉक्टरांनी गोळी थांबवली, सुई दिली. रक्त थांबलं, पण मला वाटलं, आता या मला परत पाठवणार.

घरी येऊन त्या खुर्चीत टेकल्या. म्हणाल्या, इंग्रजी कादंबऱ्यांत निघणारा माणूस फोर्टनाईटनं येतो असंच सांगून जातो. महिना म्हटलं तर घरचे रडतील, आठवडा म्हटलं तर लगेच खोटं पडेल. "और आता कोई नहीं. तेरे चालीस भी कम हैं." मग म्हणाल्या, "कल से कागज़ पहले मुझे दिखाना."

त्या 'कल से'वर मी रडले.

दोन वर्षं झाली. अजून प्रत्येक कागद मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेते. बाबा फोनवर विचारतात, "तुहा पंधरवडा केवढा मोठा हाय वं? माहं जाळं दोनदा नवं झालं." तुम्ही निघून आलेले सगळे म्हणत असाल तेच मी म्हणते, "येतो न बाबा, पंधरवड्यानं."

त्यांना सगळं ठाऊक असतं. तरी ते दर वेळी एक प्रश्न विचारतात, आणि माझं घर आता त्या प्रश्नात आहे.

"बरं. आजचा दिस धरू, का उद्यापासून मोजू?"