जावईबापू थुंकले तेव्हा

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात जावईबापूंची नोकरी पाणी चाखायची. रोज सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेत चौदा पेले मांडलेले असायचे, चौदा टाक्यांतून आलेले. एकेक घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, बेसिनमध्ये थुंकायचा आणि तक्त्यात लिहायचं: गंज, शेवाळ, औषध जास्त, ठीक. यंत्रं होती, पण यंत्रांच्या आधी यांची जीभ बोलायची. त्या जिभेपायी सव्वीस वर्षं कच्चा कांदा नाही, सिगारेट नाही, दारूचा तर थेंब नाही. घरी मात्र कौतुकाच्या नावानं शंख. "आमचे भावोजी पाणी पिण्याचा पगार घेतात," असं मेहुणा चारचौघांत सांगायचा आणि हे आपले हसून सोडून द्यायचे.

निवृत्त होऊन नऊच दिवस झाले होते, तेवढ्यात सासूबाईंची पंचाहत्तरी आली. जावईबापूंच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या लेकीनं आजीसाठी बेत आखला: जुन्या शहरात खजिनाशोध आणि शेवटी एका तळघरात वाइन चाखायची. एका गटात मेहुणा आणि त्याची बायको. दुसऱ्यात जावईबापू, त्यांची बायको आणि खुद्द सासूबाई.

"मला म्हातारीला यांच्या गळ्यात बांधलंय, म्हणजे माझा मुलगाच जिंकणार," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बुटांच्या नाड्या घट्ट आवळल्या.

लेकीनं पहिली चिठ्ठी दिली. 'नाक कापलं गेलं, तरी अब्रू शाबूत. पायाशी बघा.' मेहुणा पळाला थेट वस्तुसंग्रहालयात. तिथे नाक असलेला पुतळा शोधावा लागतो! इकडे सासूबाईंनी सरळ एका न्हाव्याचं दुकान गाठलं. "काय हो, या भागात नकटं कोण?"

"माझे सासरे," वस्तरा हवेत धरून न्हावी म्हणाला. मग विचार करून, "नाहीतर वेशीवरचा दगडी सिंह."

सिंहाच्या पंज्याखाली दुसरी चिठ्ठी होती. 'चार तोंडं, पण चुगली एकही नाही. आमच्या डाव्या बाजूच्या तळघरात या.'

"घड्याळाचा मनोरा!" बायको ओरडली आणि निघालीसुद्धा.

"चार नळांचं कारंजं असेल," जावईबापू इतकं हळू म्हणाले की फक्त सासूबाईंना ऐकू गेलं.

"मग मोठ्यानं बोला की! सव्वीस वर्षं तोंडात पाणी धरून बसलात ते बसलातच!"

आणि जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडले, "अगं ए, कारंजं!" चार खिडक्या उघडल्या. बायको गर्रकन वळली. उताराच्या गल्लीत सासूबाईंचा गुडघा कुरकुरायला लागला, तर एका गालिचेवाल्यानं त्यांना हातगाडीवर बसवून घेतलं. गुंडाळ्यांच्या ढिगावर बसून त्या "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत खाली आल्या, मागून जावईबापू आणि बायको धापा टाकत. तळघराच्या दाराशी मेहुणाही त्याच क्षणी पोचला. तो शेवटी वाट विचारून आला होता, पण ते त्यानं कबूल केलं नाही.

आत थंडगार कमानी, लाकडी पिंपं, लांब टेबल. मालकीणबाईंनी प्रत्येकापुढे पाच-पाच पेले मांडले. जावईबापूंनी पहिला उचलला, हुंगला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि सवयीनं शेजारच्या पितळी भांड्यात पचकन थुंकले.

"अहो!" बायकोनं डोक्याला हात लावला. मेहुण्याची बायको खोकायला लागली.

मालकीणबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "ते भांडं त्यासाठीच असतं. रीत माहीत असलेला आज हा एकच माणूस आला."

लेकीनं शेवटचं कोडं घातलं. या पाचांतले दोन पेले एकाच बाटलीतले. ओळखेल त्याचा गट जिंकला. मेहुण्यानं डोळे मिटून, मान डोलावून पहिला आणि चौथा सांगितला.

जावईबापूंनी पाचही फिरवले, पाचही थुंकले. "दुसरा, तिसरा आणि पाचवा."

"बाबा, दोनच आहेत."

"तीन."

"भावोजी, हे पाणी नाही बरं," मेहुणा हसला.

मालकीणबाईंनी टेबलामागच्या बाटल्या मोजल्या. चारऐवजी तीनच उघडलेल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या आणि कपाळावर हात मारला. "चौथी उघडायलाच विसरले मी! तीन पेले एकाच बाटलीतले भरले."

मग जो कल्ला झाला, तो सांगता सोय नाही. सासूबाईंनी जावयाच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा घसरला. जावईबापूंनी तिसरा पेला उचलला आणि या वेळी गिळला. पेल्यात उरलेलंही संपवलं. कान गरम झाले.

थोड्या वेळानं मेहुण्यानं खुर्ची जवळ ओढली. "भावोजी, आमच्या घरचं पाणी कसं आहे हो?"

"टाकीचं चांगलं. नळाला गंज लागतोय, पाइप बदला. आठ वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंत कुठे?"

यावर सगळ्यात मोठ्यानं हसला तो मेहुणाच. निघताना मालकीणबाईंनी जावईबापूंना गुरुवारपासून नवी पिंपं चाखायला बोलावलं. "विचार करून कळवतो," हे म्हणेपर्यंत सासूबाईंनी होकार देऊन टाकला होता आणि बाहेर अनोळखी माणसांना थांबवून त्या सांगत सुटल्या होत्या, "हे आमचे जावई. यांची जीभ बघायचीय का?"