भाच्याच्या लग्नाची फिल्म

भाच्याचं लग्न अकोल्याला झालं. फोटोग्राफरने तीन तासांचं शूटिंग दिलं, ते नवरीनेसुद्धा पूर्ण पाहिलं नाही. मग भाच्याने घरच्यांच्या मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ गोळा करून मला अमरावतीला पाठवले. फोनवर म्हणाला, "मामा, आईसाठी वीस मिनिटाची फिल्म बनवून द्या ना. तुमी तं आता रिटायर झाले." रिटायर माणसाला काम नसतं, हा समज कुणी पसरवला देव जाणे.

व्हिडिओ कापायचे, जोडायचे तर सॉफ्टवेअर हवं. फुकट ते पौष्टिक म्हणून पहिलं फुकटातलं घेतलं. दोन दिवस खपलो आणि तयार फिल्मवर कंपनीचा शिक्का उमटला, तोही नेमका नवरदेवाच्या कपाळावर. दुसरं म्हणे सिनेमावाले वापरतात. ते उघडलं की माझा कॉम्प्युटर घरघरायचा आणि बंद पडायचा. राजापेठेतल्या दुकानदाराने सांगितलं, "काका, याले नवीन मशीनच लागते." चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. सोडलं.

तिसरं मला फार आवडलं. सगळे व्हिडिओ त्यात टाकायचे आणि एक बटण दाबायचं. समोरचे, स्पष्ट चेहरे ते आपणच निवडतं, गाणंही लावतं. चहा होईस्तोवर फिल्म तयार! बायकोने ती पाहिली आणि म्हणाली, "अवो, याच्यात ताई कुठंच नाई दिसून राहिल्या."

खरंच नव्हती. नवरदेवाची आई, माझी सख्खी मोठी बहीण, आणि वीस मिनिटांत एकदाही नाही. सॉफ्टवेअरला काय बोलणार? भाऊजी गेल्यापासून ताई शुभकार्यात मागेच उभी राहते. हळद भाच्याच्या काकूने लावली, औक्षण आत्याने केलं. ताईला मागे हो असं आम्ही कुणी म्हटलं नाही, पण पुढे ये असंही कुणी म्हटलं नाही. मला माझीच लाज वाटली.

मग चौथं घेतलं. दिसायला साधं, पण त्यात एकेक तुकडा स्वतः पाहून कापता येतो, कोपऱ्यातलं माणूस मोठं करता येतं. आठ दिवस ताईला शोधत बसलो. हळद कालवणारे हात सापडले. दाराआडून पाहणारा अर्धा चेहरा सापडला. पंगतीत कुणाला तरी बुंदीचा आग्रह करणारा नुसता आवाज सापडला. सगळी मिळून दोन मिनिटं जमली.

रविवारी अकोल्याला गेलो आणि तिच्या टीव्हीवर फिल्म लावली. स्वतःचे हात ओळखल्याबरोबर ती म्हणाली, "मले काहून घेतलं रे याच्यात? पोराच्या लग्नाचं हाये. काढ ते."

"काढत नाई," मी म्हणालो. जरा जोरातच.

फिल्म संपल्यावर तिने ती पुन्हा लावायला सांगितली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसली. मंगलाष्टकं झाली, बँड वाजला, तशी ती माझ्याकडे वळली.

"माह्या अक्षता टाकतानाचं नाई काय? म्या टाकल्या होत्या. तुह्या मागंच तं उभी होती."

मंगलाष्टकांचं सगळं शूटिंग माझ्या मोबाइलवरचं होतं. मी एकदाही मागे वळलो नव्हतो.