आक्काच्या आरशाचं वय

परभणीत काच आणि फ्रेमच्या दुकानात माझी चाळीस वर्षं गेली. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळे मी काचेआड बसवले. त्यातून मला जुन्या आरशांचं वय सांगायची खोड लागली. कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी भिंतीवरच्या आरशाकडे बघायचो आणि कुणी विचारलेलं नसताना त्याचं वय सांगून मोकळा व्हायचो. बायको म्हणायची, "आधी जेवा, पंचनामा मागून करा."

मागच्या वर्षी पालमहून माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. ती आम्हा सगळ्यांत थोरली, म्हणून तिला आक्का म्हणतो. तरुणपणीच दाजी गेले, तिनं एका पोरावर दिवस काढले. आता तो पोरगा पन्नाशीला टेकलाय.

"पोरानं नवं घर बांधलंय," ती म्हणाली, "अन् माझा आरसा भंगारात द्यायला निघालाय. तू ये अन् सांग त्याला, आरसा माझ्या लग्नातला हाय म्हणून. माझं न्हाई ऐकत. तुझं ऐकल."

तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, तिला राणीसावरगावहून सासरी पाठवताना रुखवतात एक नक्षीचा आरसा दिला होता म्हणे. मी तेव्हा लहान होतो, मला काही तो आठवत नव्हता. पण आक्काचं काम म्हटल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सकाळची एसटी धरली.

आरसा आतल्या खोलीत बाजेवर काढून ठेवलेला होता. भाच्यानं तो पुसून चकचकीत केला होता. सागवानी चौकट, कडेनं कोरलेला वेल, वर चोचीला चोच लावून बसलेले दोन राघू. काम नामी होतं.

"मामा, खरंच आजोबांनी दिलेला असला तर हॉलमधी लावतो," भाचा म्हणाला. "पण आईचा काहीतरी घोळ व्हायलाय. हा मागून कधीतरी बाजारातून घेतलेला असणार. नव्या घरात उगं भंगार कशाला?"

आरशाला म्हातारपण पाठीकडून येतं. भिंतीची ओल मागून चढते, पारा खाते आणि समोर काळे डाग दिसायला लागतात. मातीच्या भिंतीवर पन्नास वर्षं काढलेल्या आरशात धड तोंडसुद्धा दिसू नये. ह्यात एक डाग नव्हता. मी चष्मा खिशात घातला आणि निकाल दिला, "चौकट जुनी आहे. काच मात्र पंधरा-वीस वर्षांच्या पलीकडची नाही. आधीची फुटली असेल, कुणीतरी दुसरी बसवली."

आक्का दारात उभी होती. "मी कशाला खोटं सांगू?" एवढंच म्हणाली, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरात गेली. चहा सुनेनं आणून दिला.

भाच्याचा जीव भांड्यात पडला होता. "जाऊ द्या मामा," तो म्हणाला, "तसंबी त्यात कोण बघत व्हतं? मला कळायला लागल्यापासून उलटाच टांगलेला हाय."

"उलटा म्हणजे?"

"तोंड भिंतीकडं, पाठ आपल्याकडं. साळंत असताना मी त्या फळीवर खडूनं पाढे लिहायचो."

मी बशी खाली ठेवली आणि आरसा उचलून ओसरीवर उजेडात नेला. मागची फळी उदबत्तीच्या धुरानं काळवंडली होती. म्हणजे पाठ इतकी वर्षं खोलीच्या कोरड्या हवेत होती, आणि ओल लागली ती तोंडाला, जिथं काचेला तिचं काहीच वाटत नाही. मग मी आरसा समोर धरून डोकं इकडून तिकडे हलवलं. माझं नाक लाटेवर असल्यासारखं वाकडंतिकडं झालं. असली जुनी, लहरी असलेली काच माझ्या दुकानात यायची बंद होऊन जमाना झाला होता. काच कुणीही बदललेली नव्हती. हे मी आधीच बघायला हवं होतं. शहाणपणाच्या भरात बघितलं नाही.

आक्का भाकरी थापत होती. मी चुलीशेजारी बसलो. "आक्का, आरसा उलटा कधी केला?"

"तुझ्या दाजीला माती देऊन माणसं माघारी आली, त्याच दिवशी. सासू म्हणली, आता तुला काय करायचाय. अन् फिरवला. लग्नाला चार वर्षं झालती."

आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असलेली आमची घरं. विधवेचा विटाळ मानू नका असं आमचे स्वामी सांगत आले, आम्ही माना डोलावत आलो, आणि ह्या घरात बाईचा आरसा भिंतीकडे. मला तिच्या सासूचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ह्या घरात मी कितीदा जेवलो असेन. ती फळी माझ्या डोळ्यांसमोर होती. जगाच्या आरशांची चौकशी करणाऱ्या मी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"सासू गेल्यावर तरी सुलटा करायचास."

"अन् लोक काय म्हणले असते? मग सवय झाली रे."

भाचा दारात कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. मी उठून त्याला सांगितलं, "काच तुझ्या आईच्या लग्नातलीच आहे. मी चुकलो." आरसा त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या गल्लीतल्या नव्या घराकडे चालू लागला. मागून मी, सून आणि पिठाचे हात पदराला पुसत आक्का.

हॉलमध्ये त्यानं स्वतःच्या डोक्याच्या हातभर वर खिळा ठोकला आणि आरसा टांगला, तोंड आमच्याकडे करून. सून म्हणाली, छान दिसायलाय. आक्का आरशाखाली जाऊन उभी राहिली, मान वर करून. त्यात समोरची भिंत दिसत होती आणि पंखा.

"खाली घे," ती पोराला म्हणाली. "तिथं माझं तोंड दिसत न्हाई."