मेल्यावरची भेट

मिशनच्या दवाखान्यातून जगून परत आल्यावर वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. आईनं आपले देव सोडले नाहीत. दवनीवाड्यातल्या भाऊबंदांनी आमच्याकडं येणं बंद केलं, तरी दोघं एकाच घरात राहिले आणि धानाची रोवणी बरोबरीनं करत राहिले.

पुढं वडिलांचं दुखणं उलटलं. एका दुपारी ते आईला म्हणाले, “तू बी बाप्तिस्मा घे. नाही तं मेल्यावर आपली भेट होनार नाही.”

आई त्यांचे पाय चेपत होती. माझ्या आधीची त्यांची मुलगी लहानपणीच देवीच्या साथीत गेली होती. आई म्हणाली, “अन् आपली पोरगी? तिले कोनं बाप्तिस्मा देल्ला होता? ते कोठी असन?”

वडिलांनी पाद्रीसाहेबांना बोलावून तेच विचारलं. “देव दयाळू आहे,” एवढंच सांगून, प्रार्थना करून साहेब गेले.

“मंग मी तिच्यापाशीच जाईन,” आई म्हणाली. “ते लहान हाये.”

वडिलांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना मिशनच्या जागेत पुरलं. पुढं आई गेली, तेव्हा तिला आम्ही वैनगंगेकाठी अग्नी दिला. वडिलांच्या दुखण्याचे ते शेवटचे महिने दोघांनी कायमच्या ताटातुटीच्या धास्तीत काढले, याचं मला अजून वाईट वाटतं.