विहिणीची मुळी

बायजाबाईंना श्रीनाथ ओळखत होता असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. महिन्यातून एकदा, दवाखान्याच्या खिडकीतून, पाच-सात मिनिटं. तेवढीच काय ती गाठ. त्यांना मुलं किती, नवरा कधी गेला, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि विचारायचं धैर्यही त्याच्यात नव्हतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. नारपोलीत डॉक्टर सरोजिनीबाईंच्या दवाखान्यात श्रीनाथ कंपाउंडर होता. दोन्ही अंगांना कापड विणणाऱ्या लूमची खटखट, त्यामुळे पेशंट आपली दुखणी ओरडूनच सांगत. बायजाबाईंना ओरडावं लागत नसे. त्या दिघाशी गावच्या धवलारीण; लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन सगळं कार्य पुढे नेणाऱ्या. त्यांनी नुसतं ‘बाला, माझा नंबर कवा?’ म्हटलं तरी शेजारच्या कारखान्यातला कारागीर मान वर करी. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला त्या दर महिन्याला एसटीनं येत आणि बाकावरच्या बायकांना हसवून जात.

माघातल्या खेपेला आल्या त्या जणू दुसऱ्याच कुणी. नाक चोंदलेलं, आवाज मडक्यातून आल्यासारखा. बाकावर बसल्या बसल्या पेंगू लागल्या. बरोबर भाचा लडकू होता. तो तिथंच लूमवर कामाला. त्यानं सांगितलं, की परवा वडपे गावातल्या एका हळदीला आत्या गाता गाता झोपली आणि बाकीच्या बायकांनी गाणं कसंबसं तडीस नेलं. आता तीन आठवड्यांवर नात काशीचं लग्न, आणि घरातली माणसं दुसरी धवलारीण शोधायला निघालेली.

‘माझ्या काशीची हळद परकी बाय गानार,’ बायजाबाई म्हणाल्या, ‘न मी मांडवात पत्रावळ्या मोजू?’

गर्दी फार होती. डॉक्टरांनी सर्दी धरून नाकात घालायचे थेंब दिले. मागच्या खेपेला आपणच भलत्या बरणीतल्या गोळ्या बांधल्या असतील, ही मात्र श्रीनाथची पहिली शंका. कुठं काही बिघडलं की त्याला आपलाच हात आठवे. त्यानं घाबरत घाबरत उरलेल्या गोळ्या दाखवायला सांगितल्या. बायजाबाईंनी पदराची गाठ सोडली. गोळ्या बरोबर होत्या. पण त्यांच्याबरोबर करड्या मुळीचे तीन तुकडेही खिडकीत पडले.

हे कसलं औषध, असं त्यानं विचारलं.

‘ह्ये औषध न्हाय. ही विहिणीची मुळी हाय.’

काशीची होणारी आजेसासू राहीबाई झाडपाल्याची माहितगार. बायजाबाईंना रक्तदाब आहे हे तिच्या कानावर गेलं, तेव्हापासून दर आठवड्याला ती मुळी धाडत होती. सहाणेवर उगाळून रोज दुधातून घ्यायची. डॉक्टरांनी ‘दुसरं काही औषध घेता का’ असं दोनदा विचारलं होतं आणि बायजाबाईंनी दोन्ही वेळा अगदी खरेपणानं नाही सांगितलं होतं. विहिणीनं मायेनं धाडलेलं ते औषध कसं होईल?

श्रीनाथनं तुकडे आत नेले. डॉक्टरांच्या वडिलांची वैद्यकी होती. डॉक्टरांनी मुळीचा कण जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि बायजाबाईंचा रक्तदाब मोजला. तो भलताच खाली उतरला होता.

‘ही सर्पगंधा. माझ्या गोळीतही हिचाच अर्क आहे,’ त्या म्हणाल्या. ‘एकच औषध दोन दारांनी घरात येतंय, बायजाबाई. नाक त्यानंच चोंदलं, झोपही त्याचीच.’

मुळी आजपासून बंद, गोळी आठवडाभर बंद, मग तपासून अर्धी. अंगातला अंमल उतरायला दोन-तीन आठवडे जातील. लग्नापर्यंत आवाज मोकळा होईलच, असं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पण मुळी बंद करायची कशी? राहीबाई विचारणार, आणि विहिणीचं देणं लग्नाआधीच नाकारलं असं गावभर होणार. बायजाबाई हटून बसल्या. झोप लागली तरी बेहत्तर, पण मुळी घेणारच. तेव्हा श्रीनाथ बोलला. कुणाच्या मध्ये न बोलणारा माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

‘तुमचीच मुळी डॉक्टरांच्या गोळीत आहे, असं सांगा त्यांना. खोटं नाही त्यात.’

बायजाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. चोंदल्या नाकातूनही ते हसू रस्त्यापर्यंत गेलं.

राहीबाई रुसली तर नाहीच. उलट शहरातले डॉक्टर आता आपलीच मुळी गोळीत घालतात, असं तिनं गावभर केलं. तिनं धाडलेले चार पेशंट दवाखान्यात आले. डॉक्टरांनी प्रत्येकाला आधी पदर नाहीतर खिसा रिकामा करायला लावला.

लग्नाचं बोलावणं श्रीनाथलाही होतं. लाजेपायी तो गेला नाही, म्हणून बायजाबाईंचा धवला त्यानं कधी ऐकलाच नाही. लडकूनं सांगितलं तेवढंच: पहिल्या दोन ओळी घोगऱ्या आल्या, बायका एकमेकींकडे बघू लागल्या, तिसऱ्या ओळीला गळा सुटला, तो काशीची पाठवणी होईस्तोवर थांबला नाही.

शेवटची गाठ वैशाखातली. पुढे श्रीनाथला ठाण्याला नोकरी लागली. त्या दिवशी काही विशेष बोलणं झालं असंही नाही. बायजाबाई खिडकीशी घाईत उभ्या होत्या.

‘लवकर बांध रं बाला, आज हळद हाय.’

‘गोळी गाऊन झाल्यावर घ्या. आधी नको.’

‘बरं.’