पायडल नानांचा घाट

पायडल नानांना नाशिकमधल्या निदान तीस घरांतल्या भाज्या पाठ होत्या. कोणाकडे मेथीत लसूण ठेचून घालतात, कोणाकडे चिरून, कोणाची आई पातळभाजीला गूळ लावते आणि कोणाची सासू त्यावरून तोंड वाकडं करते, सगळं. यांतल्या एकाही घरी ते जेवायला गेले नव्हते. ही माहिती त्यांनी पेठ रस्त्यावरच्या सावळघाटात, चढावर, सायकल चालवता चालवता काढून घेतली होती.

त्यांची पद्धतच होती ती. घाट सुरू झाला की नाना तुमच्या मागे येऊन विचारायचे, काल भाजी काय केली होती? मग कृती सांगायची, पहिल्यापासून. त्यांना भाजीत काडीचा रस नव्हता, त्यांचं लक्ष तुमच्या श्वासाकडे असायचं. वाक्य पुरं होतंय तोवर ठीक. मध्येच तुटलं की मागून आवाज यायचा, "फोडणीत अडकली. गिअर उतरव, हळू चल." मी वांग्याचं भरीत सांगायला घेतलं होतं, ते घाटमाथ्यापर्यंत पुरं व्हायला मला सव्वा वर्ष लागलं. वांगं भाजून झालं की माझा दम संपायचा.

नाना मूळचे मखमलाबादचे, फुलं आणि भाजी पिकवणाऱ्या घरातले. शेवंतीच्या पाट्या कॅरिअरला बांधून बाजारात न्यायच्या, त्या वयापासून सायकल त्यांच्या बुडाखाली होती. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर झाले. नव्वदच्या दशकात जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली दुकानांत दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी बोनस मिळाल्या दिवशी एक घेतली. अठरा गिअर होते. नाना दोनच वापरत. बाकीचे सोळा कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, पाहुण्यांसाठी. हँडलला घंटी होती, मागे मडगार्ड होतं, आणि माऊंटन बाईकला मडगार्ड शोभत नाही असं सांगणाऱ्या पोरांना ते पावसाळ्यात मागून यायला सांगत.

मी त्यांच्या रविवारच्या टोळीत गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी आईकडून स्थळं ऐकायची, या दोन्हींना कंटाळले होते. टोळीत दहा-बारा जण, सगळे पुरुष. मला बघून दोघा-तिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नानांनी मला काहीच विचारलं नाही. मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं की आजपासून ही पुढे, हिच्यापुढे कोणी जायचं नाही.

हा त्यांचा दुसरा नियम, आणि खरं तर एकच नियम. जो सगळ्यांत हळू, तो सगळ्यांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या चालीनं यायचं. तरण्याताठ्या पोरांना हे फार जाचक व्हायचं. दर वर्षी दोन-चार जण वैतागून सोडून जात, आणि नाना त्यांना मोकळ्या मनानं जाऊ देत. मी दोन वर्षं पुढे होते. दोन वर्षं दहा-बारा पुरुष माझ्या पाठीमागे रखडत आले आणि वर खिंडीत आम्ही सगळे एकदम पोचलो. माझ्या आयुष्यात मला तोवर कोणी एवढा मान दिला नव्हता.

उतरून ढकलायला त्यांची ना नव्हती. पण आपली सायकल आपणच ढकलायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा एका पोरानं चढावर रेंगाळणाऱ्या ट्रकची साखळी धरली आणि फुकटात वर गेला. नाना मागून वर पोचले. त्याला घेऊन पुन्हा खाली गेले, पायथ्यापासून त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा चढून आले, आणि वाटेत त्याच्याकडून शेवग्याच्या शेंगांची आमटी पूर्ण करून घेतली. त्या दिवशी आम्हाला घरी जायला दुपारचे दोन वाजले. आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

नानांचा हा स्वभाव मला इतका भिनला की त्यांचं कुठे चुकतंय हे मला दिसायचं बंद झालं. ते दिसायला भामरे यावे लागले, खरं म्हणजे भामरे जावे लागले.

भामरे आमच्यातले जुने. देवळ्याकडचे, घरचा कांद्याचा व्यापार, नाशिकला स्थायिक झालेले. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण मन हललं की तोंडात त्यांच्याकडची बोली यायची, ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जोर लावू नका सांगितलं, तेव्हा त्यांच्या मुंबईच्या मेहुण्यानं त्यांना बॅटरीवर चालणारी सायकल आणून दिली. आपल्याकडे तेव्हा ती नवीनच होती. जाड टायरचीच, पण मागच्या चाकात मोटर, दांड्याखाली पेटीएवढी बॅटरी, हँडलजवळ चावी आणि चावी फिरवली की लागणारा बारीक लाल दिवा. वजन जवळजवळ कांद्याच्या गोणीएवढं.

नानांनी ती सगळ्या बाजूंनी नीट पाहिली. मग अगदी शांतपणे विचारलं, "भामरे, ही दमती का?"

भामरे म्हणाले, नाही दमत.

"मग हिला घाटात आणून करायचं काय?"

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले असेन.

पण प्रश्न हसण्यावर भागणारा नव्हता. त्या सायकलची मोटर चढावर हळू चालवली तर तापायची, गचके द्यायची. तिला एका दमात वर न्यावी लागे. म्हणजे भामरे सगळ्यांच्या पुढे जाणार, आणि आमच्यात पुढे फक्त सगळ्यांत हळू माणूस. नानांनी निकाल दिला की आपण सगळे वर पोचलो की मगच भामऱ्यांनी पायथ्यापासून निघायचं. भामरे चिडले. "मना गुडघा काय लोखंडना शे का, नाना?" एवढंच म्हणाले. तीन रविवार ते पायथ्याच्या टपरीवर एकटे पाऊण पाऊण तास बसून राहिले. चौथ्या रविवारी आले नाहीत. त्यानंतर आलेच नाहीत, आणि आमच्यापैकी कोणी बोलवायलाही गेलं नाही.

वर्षभरानं नानांचाच श्वास तुटायला लागला. ते निवृत्त झाले होते. चढावर भाजी विचारायचे आणि उत्तर ऐकायला त्यांनाच थांबावं लागायचं. एके रविवारी पायथ्याला ते सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. आम्ही काय ते समजलो. त्याच आठवड्यात त्यांच्या हृदयाच्या दोन नळ्या फुगे घालून मोकळ्या केल्या. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर फिरा, घाट बंद.

मग तीन महिने काहीच नाही. मी भेटायला जायचे तेव्हा नाना अंगणात सायकल उलटी करून चाक फिरवत बसलेले असत. चेनला रोज तेल. एवढं तेल की ती धूळ धरायला लागली होती. एक दिवस त्यांची बायको, माई, थेट माझ्या लॅबमध्ये आली. माई कमी बोलणारी बाई. तिनं डॉक्टरांना परस्पर विचारून घेतलं होतं. मोटरवाली सायकल असेल आणि दम लागू द्यायचा नसेल, तर महिन्यातून एक-दोनदा घाटाला हरकत नाही, असं ते म्हणाले होते. मोटरशिवाय मात्र नाही, मोटर बंद असेल तर जिवावर बेतेल, हेही त्यांनी बजावलं होतं. माईला ती सायकल भामऱ्यांकडून मागून हवी होती.

"ते सोता मागायचे नाय," माई म्हणाली. "मरतील, पन मागायचे नाय. तू जा."

मी गेले. लाज वाटत होती, पण गेले. भामऱ्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, टोमणा मारला नाही, एक शब्द मागचा काढला नाही. म्हणाले, सायकल न्या, आणि चार्जर विसरू नका. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं असं मला जिना उतरताना वाटलं.

नानांनी सायकल घेतली, कोणाची ते विचारलं नाही. ते कळण्याइतकी ती ओळखीची होती. रविवारी ते पेठ नाक्यावर हजर झाले आणि आम्हा सगळ्यांना सण असल्यासारखं वाटलं. घाट लागला. त्या दिवशी सगळ्यांत हळू म्हणजे टोळीत नव्यानं आलेले एक प्राध्यापक होते, ते पुढे. त्यांच्या मागे नाना, नेहमीसारखे. नानांच्या मागे मी.

दुसऱ्या वळणावर माझ्या लक्षात आलं की नानांची सायकल गचके देत नाहीये. इतक्या हळू चालीला तिनं गचके द्यायला हवे होते. मी बाजूला आले आणि हँडलकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला नव्हता. ते कांद्याच्या गोणीएवढं ओझं नाना नुसत्या पायांनी वर ओढत होते. मान घामानं निथळत होती आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. रक्ताच्या कामात असल्यानं असे रंग मला कळतात.

मी म्हटलं, नाना, चावी फिरवा. ते म्हणाले, फिरवली हाय. दिवा लागलेला नाही म्हटलं, तर म्हणाले, उन्हात दिसत नसंल. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. पण त्या दिवशी माझा आवाज अगदी खाली गेला.

"नाना, भामऱ्यांना आपण तीन रविवार खाली बसवलं. त्यांनी चावी फिरवायची लाज बाळगली नाही म्हणून बसवलं. आता तुम्हाला तीच लाज वाटतेय. ती आपणच त्यांना दिली होती, आणि मी पण हसले होते. फिरवा चावी, नाहीतर मी इथं सायकल आडवी घालते."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोडं अंतर तसेच गेले. मग उजवा हात सोडून त्यांनी चावी फिरवली. दिवा लागला, सायकल गुरगुरली, दोन गचके बसले, आणि ती त्यांना घेऊन प्राध्यापकांना मागे टाकून निघाली. इतक्या वर्षांत नानांनी घाटात पहिल्यांदा कोणाला ओलांडलं होतं. वळणाआड दिसेनासे झाले. मला हायसं वाटलं आणि रडूही आलं.

आम्ही वर पोचायला अजून वीस-पंचवीस मिनिटं लागली. नाना खिंडीतल्या कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. ठीक होते. ओठांचा रंग परत आला होता. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा दिसलं, डोळे ओले होते.

"शैलाबाई, हितं कोनीच नव्हतं," ते म्हणाले. आणि डोळे पुसत, "भामऱ्याला मी खाली असाच बसवला. तीन रईवार."

त्याच दुपारी ते भामऱ्यांकडे गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही. काय बोलणं झालं ते मला माईकडून तुटक तुटक कळलं. नाना दारातच म्हणाले की चुकलं, आणि भामऱ्यांनी आधी आत बसा म्हणून त्यांचा हात धरला. मग दोघांनी मिळून चिवडा खाल्ला आणि कितीतरी वेळ फक्त बॅटरीबद्दल बोलले.

सायकल एक आणि माणसं दोन, तेव्हा आळीपाळी ठरली. एक रविवार नानांचा, एक भामऱ्यांचा. ज्याची पाळी नसेल त्यानं सकाळच्या पेठच्या एसटीनं घाटमाथ्यावर जायचं आणि चहाचा थर्मास घेऊन कठड्यावर बसायचं, म्हणजे मोटर ज्याला पुढे घेऊन येईल त्याला वर रिकामं लागणार नाही. हळू माणसाच्या पुढे कोणी जायचं नाही, हा नियम नानांनी त्या दोघांपुरता मोडला. मोडताना त्यांनी आम्हा सगळ्यांना तसं स्पष्ट सांगितलं. दोन हिवाळे हे असं चाललं. घाटात थांबा नव्हता, पण कंडक्टर त्या दोघांसाठी बेल मारायचा.

नाना गेले ते घरीच, दुपारी जेवून पडले असताना. माईनं फोनवर सांगितलं तेही तिच्या पद्धतीनं, दोन वाक्यांत. मला दोन दिवस काही सुचलं नाही. लॅबमध्ये एका माणसाला मी दोनदा सुई टोचली.

तेराव्यानंतरच्या रविवारी टोळी निघाली. त्या दिवशी भामऱ्यांची पाळी होती. मी सायकल घरी ठेवली आणि सकाळची पेठची एसटी धरली. घाटमाथ्याचं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टरनं वर पाहिलं आणि विचारलं, आज नाना नाहीत का? मी म्हटलं, नाही, आजपासून मी. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि खिंडीत बेल मारली.

खिंडीत वारा फार होता. मी थर्मास पायांत धरून बसले. अर्ध्या तासानं खालच्या वळणावरून मोटरची गुरगुर ऐकू आली आणि भामरे दिसले. कठड्याकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखे ते मान खाली घालून चढत होते. मी हाक मारली. त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय टेकवला आणि माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले.

"बरं झालं ताई," ते म्हणाले. "कोणी तरी शे."

मी त्यांना चहा ओतून दिला. बाकीचे यायला अजून वेळ होता.